जलाशयाने राखलेले वन : मुंबईचा पाणीपुरवठा आणि साष्टीच्या डोंगररांगेचे संरक्षण – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
वाढत्या शहराच्या सीमेवर असलेली नैसर्गिक संपत्ती टिकणार की नष्ट होणार, हे कोणत्या गोष्टींवर अवलंबून असते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात मुंबई शहराच्या संदर्भात केला आहे. मुंबईच्या उत्तरेस साष्टी बेटावरील डोंगररांगेत आज सुमारे १०३ चौ. कि. मी. क्षेत्राचे राष्ट्रीय उद्यान उभे आहे. हे वन टिकण्याचे मूळ कारण विहार (१८६०) व तुळशी (१८७९) या जलाशयांच्या पाणलोट क्षेत्राच्या संरक्षणात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. पुढे शहराचे पाणी दूरच्या नद्यांवरून येऊ लागल्यावर जवळच्या जलस्रोतांची उपेक्षा कशी झाली आणि संरक्षणाचा भार कोणाच्या वाट्याला आला, याचाही मागोवा घेतला आहे.

बीजसंज्ञा : मुंबई, साष्टी, विहार, तुळशी, तानसा, पाणलोट क्षेत्र, राष्ट्रीय उद्यान, मिठी नदी.

प्रस्तावना :
शहर हे स्वतःच्या भूमीवर जगत नाही. त्याला लागणारे पाणी, धान्य, लाकूड, दगड आणि वाळू ही सर्व सामग्री भोवतालच्या प्रदेशातून येते. शहर जसजसे वाढते तसतशी त्याची मागणी वाढते आणि ज्या भूमीतून ती मागणी पुरवली जाते, तीच भूमी वस्तीसाठीही हवी असते. नागरीकरणाच्या इतिहासातील हा मूलभूत पेच आहे. नैसर्गिक साधनसंपत्तीच्या संरक्षणाची चर्चा करताना सामान्यतः जनजागृती, वृक्षारोपण व नागरिकांचे कर्तव्य यांवर भर दिला जातो. या गोष्टींचे महत्त्व नाकारता येत नाही. तथापि एखादे वन वा जलाशय शंभर-दीडशे वर्षे टिकले असेल, तर त्यामागे केवळ सद्भावना असते असे इतिहास सांगत नाही. जमिनीची मालकी, कायदा, प्रशासन आणि त्या संपत्तीतून शहराला मिळणारा प्रत्यक्ष लाभ यांचा विचार त्यासाठी करावा लागतो.

मुंबई हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांहून अधिक होती. इतक्या दाट वस्तीच्या शहराच्या हद्दीला लागून बिबट्यांचा अधिवास असलेले वन असावे, ही जगाच्या नागरी इतिहासात दुर्मीळ गोष्ट होय.

उद्दिष्टे :
१) मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या विकासाचा आणि साष्टीच्या वनसंरक्षणाचा परस्परसंबंध तपासणे.
२) संरक्षित व असंरक्षित जलस्रोतांच्या इतिहासाची तुलना करणे.
३) संरक्षणाचा लाभ व भार यांची विभागणी कशी झाली, हे पाहणे.

हा लेख ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने, प्रकाशित दुय्यम साधनांच्या आधारे लिहिला आहे.

१. नळापूर्वीची मुंबई :
साष्टीच्या डोंगरात पाणी साठवण्याची परंपरा फार जुनी आहे. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांमध्ये बहुतेक ठिकाणी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आढळतात. डोंगरमाथ्यावरचे पावसाचे पाणी कोरीव पन्हाळींवाटे या टाक्यांत येई. तेथील शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हटले असून, ती खोदविण्यासाठी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत कल्याण, सोपारा या बाजारपेठांतील दाते डोंगरावरील भिक्षुसंघाच्या पाण्याची सोय करीत होते, ही बाब लक्षणीय आहे.

दक्षिणेकडील सात बेटांवर वस्ती वाढली, तेव्हा तेथील लोक विहिरी व तलावांवर अवलंबून होते. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव, १७२५ मध्ये खोदलेली भिका बेहराम विहीर, धोबीतलाव, गोवालिया तलाव, मुंबादेवीचा तलाव अशी अनेक नावे सांगता येतात. यांतील कित्येक जलस्थाने धनिकांच्या दानधर्मातून बांधली गेली होती. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रामजी कावसजी यांनी मुगभाटातील विहिरींचे पाणी वाफेच्या यंत्राने उपसून धोबीतलावाजवळील तलावात सोडण्याची व्यवस्था केली. पाण्याचे दान हे पुण्यकर्म मानणाऱ्या समाजात ही व्यवस्था दीर्घकाळ चालली. परंतु तिच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. बेटांवरील भूजल उथळ होते, समुद्र जवळ असल्याने अनेक विहिरी मचूळ होत्या आणि वस्ती दाट होऊ लागल्यावर सांडपाणी तलावांत झिरपू लागले. उन्हाळ्यात पखालीच्या पाण्याचे भाव चढत आणि त्याची झळ गरिबांना अधिक बसे.

२. विहारची योजना (१८४५ ते १८६०) :
१८४५ मध्ये टंचाईग्रस्त नागरिकांनी गाऱ्हाणे मांडल्यावर शासनाने पाण्याच्या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी द्विसदस्य समिती नेमली. बेटाबाहेरून पाणी आणल्याखेरीज गत्यंतर नाही, हा विचार या काळात रुजू लागला. साष्टी बेट मराठ्यांकडून १७७४ मध्ये इंग्रजांनी जिंकून घेतले होते व १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम राहिले होते. त्यामुळे शहराच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेश एकाच सत्तेखाली आला होता. याच प्रदेशात मिठी नदीच्या उगमाच्या खोऱ्यात धरण बांधण्याची कल्पना पुढे आली.

निर्णय मात्र लांबत गेला. खर्च कोणी सोसायचा, हा कळीचा मुद्दा होता. १८५४ मध्ये पाऊस अपुरा पडला आणि शहरात पाण्याचे दुर्भिक्ष निर्माण झाले. बोटींनी व नुकत्याच सुरू झालेल्या रेल्वेने पाणी आणण्याची वेळ आली. या संकटाने चर्चेला निकड प्राप्त करून दिली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने सादर केलेल्या योजनेनुसार १८५६ मध्ये विहारचे काम सुरू झाले व १८६० मध्ये ते पूर्ण झाले. दररोज सुमारे ३ कोटी २० लाख लिटर पाणी नळावाटे शहरात येऊ लागले. नगराला नळाने पाणी पुरविणारी हिंदुस्थानातील ही पहिली मोठी योजना समजली जाते.

या योजनेचे वनसंरक्षणाच्या दृष्टीने महत्त्व असे की, त्या काळी मुंबईला पुरवल्या जाणाऱ्या पाण्याचे आजच्यासारखे शुद्धीकरण होत नव्हते. पाणी स्वच्छ राखण्याचा मुख्य उपाय म्हणजे ज्या उतारांवरून ते जलाशयात येते ते उतार स्वच्छ राखणे. म्हणूनच जलाशयासोबत त्याचे पाणलोट क्षेत्रही ताब्यात घेणे, तेथील शेती, गुरे व वस्ती यांवर निर्बंध घालणे आणि डोंगरउतारावरील झाडी राखणे आवश्यक ठरले. वनाचे रक्षण हे येथे उद्दिष्ट नव्हते. स्वच्छ पाणी हे उद्दिष्ट होते आणि वन हे त्याचे साधन होते. या साध्या व्यावहारिक गरजेतून साष्टीच्या मध्यभागी असा एक प्रदेश निर्माण झाला, जेथे घर बांधण्यास, झाड तोडण्यास वा दगड काढण्यास मज्जाव होता.

३. तुळशी, तानसा आणि पवई :
१८६४ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर गेली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीचा हा काळ होता. तेजी ओसरल्यावर लोकसंख्या घटून १८७२ मध्ये ती सुमारे ६ लाख ४४ हजार नोंदवली गेली. परंतु विहार पुरेसा नाही, हे तोपर्यंत कळून चुकले होते. १८७२ मध्ये तुळशीचे काम सुरू झाले व १८७९ मध्ये ते पूर्ण झाले. विहारला लागून असलेले तुळशीचे पाणलोट क्षेत्रही संरक्षणाखाली आल्याने दोन्ही मिळून एक सलग संरक्षित पट्टा तयार झाला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने पाणीपुरवठ्याच्या कामांचे व्यवस्थापन पालिकेच्या अखत्यारीत ठेवले आणि जलस्रोत दूषित करणाऱ्या कृत्यांना प्रतिबंध केला. मालकी, कायदा आणि गरज या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या.

याच्या तुलनेत पवईचा इतिहास बोलका आहे. तानसा धरणाचे काम चालू असताना तातडीची सोय म्हणून १८८९ ते १८९१ या काळात पवई तलाव बांधण्यात आला. त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही आणि लवकरच त्याचा पिण्यासाठीचा उपयोग सोडून देण्यात आला. तलाव राहिला, मात्र त्याचे पाणलोट क्षेत्र निर्मळ राखण्याची कोणाला निकड उरली नाही. २०व्या शतकाच्या उत्तरार्धात पवईच्या भोवती शैक्षणिक संस्था, कारखाने, वसाहती व उंच इमारती उभ्या राहिल्या. गाळ, सांडपाणी व जलपर्णी यांनी तलाव ग्रासला. विहार आणि पवई यांमधील अंतर अगदी थोडे आहे, पाऊस सारखाच आहे, खडकही एकाच जातीचा आहे. फरक आहे तो एवढाच की, एकाचे पाणी शहर पीत राहिले आणि दुसऱ्याचे पिणे त्याने थांबवले.

तानसा योजना १८९२ मध्ये पूर्ण झाली. मेजर हेक्टर टुलॉक यांनी तिचा आग्रह धरला होता. तानसा साष्टीबाहेर, ठाणे जिल्ह्याच्या अंतर्भागात आहे. तेथेही विहारप्रमाणेच पाणलोट क्षेत्रातील वन राखले गेले आणि १९७० मध्ये त्या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जलाशयाभोवतीचे वन पुढे अभयारण्य होते, हा क्रम दोन्ही ठिकाणी दिसतो.

४. संरक्षणाच्या कक्षेबाहेरील प्रदेश :
पाणलोट क्षेत्रात झाडी राखली जात असताना ठाणे जिल्ह्यातील इतर वनांची स्थिती वेगळी होती. शहराला सरपण, कोळसा व इमारती लाकूड हवे होते. रेल्वेला स्लीपर हवे होते. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव वने निर्माण झाली; पण त्यामुळे गावकऱ्यांचे आणि आदिवासींचे परंपरागत हक्क संकुचित झाले. राब भाजण्यासाठी डहाळ्या तोडणे, मोहफुले गोळा करणे, गुरे चारणे या गोष्टींवर बंधने आली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील वाढत्या असंतोषामुळे शासनाला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला व त्याने १८८७ मध्ये अहवाल दिला. शहराची गरज आणि रानात राहणाऱ्यांचा हक्क यांतील संघर्षाची ही आरंभीची नोंद होय.

दुसरीकडे, नळ आल्यावर शहरातील तलाव व विहिरी अनावश्यक वाटू लागल्या. हिवतापाच्या साथींनंतर डॉ. सी. ए. बेंटली यांनी १९११ मध्ये सादर केलेल्या अहवालात शहरातील विहिरींमध्ये डासांची पैदास होत असल्याचे दाखवून दिले आणि अनेक विहिरी झाकण्यात वा बुजविण्यात आल्या. आरोग्याच्या दृष्टीने त्या काळी हा निर्णय समर्थनीय होता. तसेच धार्मिक भावनेमुळे काही विहिरी वाचल्या. भिका बेहराम विहीर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. परंतु एकंदर परिणाम असा झाला की, शहराच्या भूमीत पाणी मुरविणारी आणि साठविणारी स्थाने नाहीशी झाली. धोबीतलाव, गोवालिया टँक ही आज केवळ स्थळनामे उरली आहेत.

५. पाणलोट क्षेत्रापासून राष्ट्रीय उद्यानापर्यंत :
स्वातंत्र्यानंतर मुंबईचा विस्तार वेगाने झाला. १९५० व १९५७ मध्ये पालिकेची हद्द वाढवून साष्टीतील उपनगरे शहरात समाविष्ट करण्यात आली. म्हणजेच जो डोंगर शहराबाहेर होता तो शहराच्या मध्यभागी आला. याच काळात, १९५० मध्ये, मुंबई राज्याच्या कायद्याने येथील वनास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला. आरंभी लहान असलेल्या या उद्यानात टप्प्याटप्प्याने लगतची राखीव वने आणि विहार-तुळशीचा परिसर जोडला गेला. बोरिवली राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या क्षेत्राला १९८१ मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असे नाव मिळाले. पाणीपुरवठ्यासाठी ९० वर्षे राखलेला सलग पट्टा हाती होता, म्हणूनच इतक्या मोठ्या महानगरात राष्ट्रीय उद्यान आखणे शक्य झाले, असे म्हणता येते.

मात्र उद्यानाच्या कडेला, जेथे पाणलोट क्षेत्राचे जुने संरक्षण नव्हते, तेथे १९७० नंतर वस्त्या वाढत गेल्या. शहरात काम मिळते पण घर मिळत नाही, ही त्यामागील वस्तुस्थिती होती. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप’ या संस्थेने १९९५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. १९९५ च्या मतदारयादीत नाव असलेल्या कुटुंबांना ठरावीक रक्कम भरल्यावर अन्यत्र जागा देण्याची तरतूद त्यात होती. त्यानंतरच्या वर्षांत हजारो झोपड्या पाडण्यात आल्या. अनेक कुटुंबांचे चांदिवली येथे पुनर्वसन झाले; परंतु पाडकाम आणि पुनर्वसन यांत मोठे अंतर राहिले आणि कित्येक कुटुंबे पात्रतेच्या अटीबाहेर राहिली.

या प्रक्रियेत वारली, मल्हार कोळी, कोकणा इत्यादी आदिवासी समाजांच्या पाड्यांचा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा ठरला. उद्यान घोषित होण्यापूर्वीपासून तेथे राहणाऱ्या आणि मागाहून आलेल्या वस्तीला एकाच मापाने मोजण्याची प्रवृत्ती प्रशासनात दिसून आली. वन हक्क अधिनियम २००६ मध्ये संमत झाल्यावर हा भेद कायद्याने मान्य झाला. तरीही महानगराच्या हद्दीतील पाड्यांना त्याचा लाभ मिळविणे सोपे गेलेले नाही.

६. मिठी नदी आणि २६ जुलै २००५ :
विहार व पवई यांच्या सांडव्यांतून निघणारी मिठी नदी सुमारे १८ कि. मी. वाहत माहीमच्या खाडीला मिळते. तिचे उगमस्थान संरक्षित वनात आहे. पण वन ओलांडताच ती कारखाने, गोदामे, वस्त्या आणि विमानतळ यांच्यामधून वाहते. धावपट्टीसाठी तिचा प्रवाह वळविण्यात आला आणि तिच्या मुखाजवळील खाजणजमिनीत भराव घालून व्यापारी संकुल उभारण्यात आले. पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासंबंधीचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्येच सादर झाला होता. परंतु त्याची अंमलबजावणी रेंगाळली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि. मी. पावसाची नोंद झाली. मिठीच्या काठावरील वस्त्या बुडाल्या आणि शेकडो लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर मिठी नदी विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने नदीच्या अवस्थेची चिकित्सा केली. मिठीला नाला मानण्याची सवय शहराला जडली होती. ती नदी आहे, हे अनेकांना या आपत्तीनंतर उमगले. एकाच प्रवाहाच्या दोन टोकांची ही कथा आहे. वरचे टोक शहराच्या उपयोगाचे होते म्हणून राखले गेले. खालचे टोक केवळ जमीन म्हणून पाहिले गेले आणि त्याची किंमत जीवितहानीने मोजावी लागली.

७. दूरचे पाणी आणि त्याचे मोल :
शहराची तहान विहार-तुळशीने भागण्याचा काळ केव्हाच मागे पडला. तानसानंतर १९५७ मध्ये वैतरणेवरील धरण पूर्ण झाले. पालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक यांच्या नावाने ते मोडकसागर म्हणून ओळखले जाते. पुढे ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा यांची भर पडली. आज सातही जलाशयांची मिळून उपयुक्त साठवणक्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यात विहारचा वाटा २७,६९८ व तुळशीचा ८,०४६ दशलक्ष लिटर आहे. म्हणजे शहराच्या सीमेत असलेले हे दोन्ही जलाशय एकूण साठ्याच्या अडीच टक्क्यांहूनही कमी पाणी साठवतात, तर एकट्या भातसाचा वाटा जवळजवळ निम्मा आहे.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ज्या गरजेने साष्टीचे वन राखले ती गरज आता क्षीण झाली आहे. विहार-तुळशीचे पाणी उद्या न मिळाले तरी शहर चालू शकेल, असा हिशेब मांडणे शक्य झाले आहे. त्यामुळे वनाच्या रक्षणाला नवा आधार शोधणे भाग आहे. दुसरा असा की, भार आता दूरच्या प्रदेशावर गेला आहे. तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत; आणि त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना दरवर्षी उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याची वाट पाहावी लागते. धरणाच्या काठावरची बाई डोक्यावर हंडा घेऊन चालते आणि तिच्या शेतावरून गेलेली जलवाहिनी शंभर किलोमीटरवरच्या इमारतीची टाकी भरते, ही विसंगती संरक्षणाच्या कोणत्याही चर्चेत दृष्टिआड करता येणार नाही.

या संदर्भात न्यूयॉर्क शहराचे उदाहरण उपयुक्त आहे. त्या शहराचे बरेचसे पाणी कॅट्सकिल व डेलावेअर या डोंगराळ खोऱ्यांतून येते. अब्जावधी डॉलर खर्चाचा गाळणी प्रकल्प उभारण्याऐवजी पाणलोट क्षेत्र राखण्याचा पर्याय शहराने निवडला आणि जानेवारी १९९७ मध्ये तेथील गावांशी करार केला. जमीन विकण्यास तयार असलेल्यांकडूनच ती घेणे, शेतकऱ्यांना प्रदूषण रोखण्यासाठी साहाय्य देणे आणि गावांच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेचा खर्च उचलणे, या गोष्टींचा त्यात समावेश होता. तो करारही मतभेदांपासून मुक्त नव्हता. परंतु ज्या वर्षी मुंबईत पाडकामाचा आदेश निघाला, त्याच वर्षी दुसऱ्या एका महानगराने वरच्या खोऱ्यातील लोकांशी देवाणघेवाणीचा मार्ग धरला, ही तुलना विचारप्रवर्तक आहे. दोन्ही देशांची परिस्थिती भिन्न आहे, हे मान्य करूनही संरक्षणाचा खर्च लाभ घेणाऱ्याने उचलावा, हे तत्त्व मुंबईलाही लागू पडते.

८. अलीकडील कसोटी :
गेल्या दशकातील घटनांनी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे. १९४९ मध्ये दुग्धवसाहत म्हणून स्थापन झालेले आरे हे उद्यानाला लागून आहे आणि मिठी व ओशिवरा या नद्यांना तेथून पाणी मिळते. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेमधील दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली; ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोडीस मनाई केली, तोवर बहुतेक झाडे पडली होती. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलविण्याचा निर्णय झाला, तर २०२२ मध्ये ती पुन्हा आरेत आणण्यात आली. सार्वजनिक वाहतूक आणि वन ही दोन्ही लोकहिताची कामे परस्परांविरुद्ध उभी राहिली, हे या वादाचे वेगळेपण होते. दुसरीकडे, डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड या उद्यानाखालून जाणाऱ्या जुळ्या बोगद्यांच्या कामांचे भूमिपूजन झाले. वनाच्या माथ्याला धक्का न लावता खालून मार्ग काढण्याचा हा प्रयत्न किती निर्दोष ठरतो, हे झरे व भूजल यांच्या सातत्यपूर्ण निरीक्षणावरूनच कळू शकेल.

निष्कर्ष :
१) साष्टीचे वन टिकले ते मुख्यतः पाणीपुरवठ्याच्या गरजेमुळे. शहराचा रोजचा लाभ ज्या संपत्तीशी जोडलेला असतो, तिचे रक्षण दीर्घकाळ होते. पवई आणि मिठी यांचा इतिहास याची दुसरी बाजू दाखवतो.

२) जलाशय राखणे म्हणजे केवळ पाणी राखणे नव्हे. पाणलोट क्षेत्राची सलग मालकी, स्पष्ट कायदा आणि एकाच यंत्रणेकडे असलेली जबाबदारी या तीन गोष्टींमुळे विहार-तुळशीचे संरक्षण शक्य झाले. नदीबाबत मात्र उगम, मध्य आणि मुख यांची जबाबदारी विभागलेली राहिली.

३) पाण्याचा स्रोत दूर गेला की जवळच्या स्रोताची किंमत शहराच्या हिशेबातून उतरते. म्हणून विहिरी, तलाव, खाजणे व नदीकाठ यांचे पूरनियंत्रण, भूजल आणि हवामान या दृष्टींनी असलेले मोल विकास आराखड्यात स्वतंत्रपणे नोंदले गेले पाहिजे.

४) संरक्षणाचा भार आदिवासी पाडे, झोपडपट्टीतील कष्टकरी आणि धरणक्षेत्रातील गावे यांनी अधिक सोसला आहे. शहराने पाणीपट्टीतील निश्चित हिस्सा पाणलोट क्षेत्रातील गावांच्या पाणीयोजनांसाठी द्यावा, त्या गावांना प्रथम पाणी मिळावे आणि वनातील मूळ रहिवाशांना संरक्षणात भागीदार करून घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. ज्यांच्या सहभागाशिवाय वन उभे राहते, त्यांच्या असंतोषाने ते पुन्हा धोक्यात येते, हा १८८५ च्या वन आयोगापासूनचा अनुभव आहे.

५) १९व्या शतकातील प्रशासनाने टंचाईचे संकट ओढवल्यावर निर्णय घेतला आणि २१व्या शतकातील प्रशासनाला महापुराने जागे केले. संकटापूर्वी निर्णय घेण्याची क्षमता हीच वाढत्या शहराच्या शहाणपणाची खरी कसोटी होय. विहारच्या पाणलोट क्षेत्रात १८६० पासून जे राखले गेले, ते आज कितीही पैसा ओतला तरी नव्याने निर्माण करता येणार नाही. महाराष्ट्रातील पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या वाढत्या शहरांच्या भोवती टेकड्या, तलाव व ओढे अद्याप शिल्लक आहेत. त्यांची मोजणी, मालकी आणि जबाबदारी वेळीच निश्चित होणे, हाच मुंबईच्या या इतिहासाचा बोध आहे.